वळणावरची विश्रांती

प्रिय आई,

आम्ही दोघं मजेत आहोत. तुझ्या कुत्र्याचा पाय बरा झाला का?

काल मोआबला गाडी थांबवून तासभर लाल खडकांवर सायकली चालवल्या. ग्रेडी पुढे जाऊन प्रत्येक वळणावर सावलीत बसायचा. मी धापा टाकत पोचले, की लगेच उठायचा. "झाली विश्रांती. चल, म्हातारे." दरवेळी हेच.

शेवटच्या उतारावर तो आपटला. खांद्याचं हाड मोडलंय, काळजी नको. मी त्याच्या शेजारून खाली गेले आणि सावलीत बसले. तो विव्हळत पोचला, तशी उठले.

"झाली विश्रांती. चल."

दवाखान्यापर्यंत गाडी मीच चालवली. कच्च्या रस्त्यावरचा एकही खड्डा चुकवला नाही.

खाली ग्रेडीची सही नाही. त्याचा हात गळ्यात बांधलाय.

तुझी,
लोरना