पांढऱ्या लुगड्यावर थेंब नाही

रविवार, १५ मे २००५

पूजानं आज केसांना लालभडक रंग लावून घेतलाच. लावला कुणी, तर माझ्या सासूबाईंनी, तेही पांढरं लुगडं नेसून! आधी नातीच्या कपाळाला, कानामागं, मानेवर व्हॅसलीन चोपडलं. ह्यांचा जुना शर्ट घालायला लावला. पुढून बटणं, म्हणजे काढताना डोक्यावरनं ओढायला नको. मला सुचलं असतं का हे? लुगड्यावर एक थेंब उडाला नाही.

मी रंगाची वाटी उचलली, तर म्हणाल्या, "उरलाय न्हवं? माझ्या बी पुढच्या बटंला लाव की."

मामंजी गेल्यापासून त्या कपाळावर कुणी बोट टेकवलं नव्हतं. मी व्हॅसलीन घेऊन थबकले.

"लाव की गं. घाबरतीस काय?"