माझ्या थेरपिस्टची निवडप्रक्रिया

३ मार्च, सोमवार

लेकीचा फोन. थेरपिस्ट शोधा म्हणाली. हल्ली ऑनलाइन असतात, घरबसल्या बोलायचं. महिनाअखेरपर्यंत कुणाशी बोलायला सुरुवात केली नाही, तर एक तारखेला ती येणार, मला सामानासकट उचलून तिच्याकडे नेणार आणि हे घर भाड्याने देणार.

शांतपणे सांगितलं की मला काही झालेलं नाही. तिची आई गेली त्याला सात महिने झाले. मी जेवतो, झोपतो, ऑफिसला वेळेवर जातो. तर म्हणते, मग गॅस का बंद आहे? शेजारच्या काकूंनी चुगली केलेली दिसते.

गॅस बंद आहे कारण मला स्वयंपाक येत नाही. चहाची केटल बेडरूममध्ये ठेवली आहे कारण तिथला प्लग चांगला आहे. यात मानसिक काय आहे?

तरी हो म्हटलं. माझी उभी हयात एचआरमध्ये गेली. आमच्या खोक्यांच्या कारखान्यातली निम्मी माणसं मी पारखून घेतलेली. एक थेरपिस्ट निवडायला कितीसा वेळ लागणार. आठवडा, फार तर.

४ मार्च, मंगळवार. सकाळ

साडेपाचला स्वयंपाकघरात गॅसचा लायटर वाजला. टिक, टिक, मग जरा थांबून टिक. रोज वाजतो. हिला पहिल्या दोन खेपांत तो कधी पेटवताच आला नाही.

अर्थात फ्रिज असणार. जुने फ्रिज असले काहीतरी आवाज करतात. मी उठून बघत नाही. उगाच कशाला.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून फिरायला जायचं.

५ मार्च, बुधवार

फिरायला गेलो नाही. पाचला जाग आली होती, पण साडेपाच होईपर्यंत पडून राहिलो आणि मग उशीर झाला.

अ‍ॅप घेतलं. आधी प्रश्न. उदास वाटतं का? कधीच नाही. एकटं वाटतं का? कधीच नाही. कामात लक्ष लागत नाही का? लागतं. शेवटी अ‍ॅपने मदतीची गरज ओळखल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. उत्तरं न वाचता शेरा मारण्याची पद्धत आमच्याकडेही आहे, पण ती वरच्या साहेबांपुरती.

माझ्या अटी ठरवल्या: दांडगा अनुभव, वक्तशीरपणा, स्वच्छ पार्श्वभूमी. म्हणजे पडद्यावर मागे दिसते ती.

८ मार्च, शनिवार

पहिला उमेदवार. मागे मोठी कुंडी, त्यामुळे डोक्यातून पानं फुटल्यासारखा दिसत होता. बसल्या बसल्या म्हणाला, तुमच्याबद्दल सांगा. हा प्रश्न मी आयुष्यभर इतरांना विचारला आहे, तो मला कुणी विचारलेला चालत नाही. म्हटलं, आधी तुम्ही सांगा.

सांगितलं त्याने. या क्षेत्रात का आलात, कमकुवत बाजू कोणती, पाच वर्षांनी कुठे असाल, सगळं विचारलं. पाच वर्षांवर तो अडखळला. म्हणाला, खरं तर त्याला फोटोग्राफर व्हायचं होतं, वडिलांनी होऊ दिलं नाही. डोळे भरून आले पोराचे. मी धीर दिला. शेवटी त्याने विचारलं, सोडू का ही लाइन? म्हटलं, घाई करू नकोस, हातात दुसरं काही येऊ दे.

वेळ संपली. मला फार हलकं वाटलं. पण उमेदवार नापास.

११ मार्च, मंगळवार

दुसरी उमेदवार. अनुभवी बाई, पांढरे केस, मागे नुसती भिंत. वेळेवर आल्या. मुलाखत घेऊ दिली नाही, पण मनाला लागेल असंही काही बोलल्या नाहीत. दहापैकी सात देऊन ठेवले होते.

मग त्यांनी विचारलं, तुमचा दिवस कसा सुरू होतो? म्हटलं, चहाने. चहा कोण करतं?

तेवढ्यात नेट गेलं. म्हणजे मीच बंद केलं, पण हवा अशी होती की ते तसंही गेलंच असतं.

१२ मार्च, बुधवार

विचारांती त्या बाईंनाही नापास केलं. बोलताना मान फार हलवतात. वर्षभर असं चाललं तर त्यांना मानेचा त्रास होईल आणि खापर माझ्यावर फुटेल.

लेकीला कळवलं, शॉर्टलिस्टिंग जोरात चालू आहे.

१६ मार्च, रविवार

बोलता बोलता लेकीपाशी फ्रिजच्या आवाजाचं तोंडातून निघून गेलं. तिने परस्पर मेकॅनिक पाठवला. सुट्टीच्या दिवशी. आईवर गेली आहे.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. मेकॅनिकने मागे वाकून पाहिलं आणि म्हणाला, काका, फ्रिज बंदच आहे, बटण खाली आहे. मग आठवलं. मीच बंद केला होता, ऑगस्टमध्ये. त्याच्या घरघरीत बाकीचं नीट ऐकू येत नव्हतं.

जाताना त्याने ओट्यावरचा लायटर बाजूला करायला हात घातला. माझा आवाज जरा चढला. बिचारा दचकला. म्हटलं, राहू द्या तिथेच, आमच्याकडे वस्तू जागेवर लागते. आमच्याकडे म्हणजे कुणाकडे, असं त्याने विचारलं नाही. समजूतदार माणूस. थेरपिस्ट व्हायला हवा होता.

काकू डबा घेऊन आल्या होत्या. आत ठेवते म्हणाल्या. मी दारातच घेतला. त्या भांडी फार आपटतात.

१९ मार्च, बुधवार

तिसरे उमेदवार. वयस्कर गृहस्थ, खोल आवाज, बोलायची घाई नाही. आपले शाळेतले सर असावेत असे. नऊ गुण मनातल्या मनात देऊन टाकले. आणि काय झालं कोण जाणे, मी म्हणून गेलो की सकाळी घरात जरासा आवाज होतो. ही चहा करायची तसा.

ते हसले नाहीत. घाबरलेही नाहीत. म्हणाले, पुष्कळांना होतं असं, माणूस गेल्यावर. बोलत राहिलं की हळूहळू कमी होतं, मग एक दिवस बंद होतं. घाबरू नका.

मला धीर देत होते ते. बंद होतं म्हणाले. बरं झाल्याची खूण म्हणून सांगत होते.

नापास. कारण: आवाज फार हळू, नीट ऐकू येत नाही.

२२ मार्च, शनिवार

इथे वाचायला कुणी येणार नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. मला तो बंद व्हायला नको आहे.

दिवसभरात तेवढंच असतं. मी डोळे मिटून पडून राहतो. हाक मारत नाही. हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर मग काय करायचं? पूर्वी मी अंथरुणातूनच ओरडायचो, नवा लायटर आण म्हणून. ही म्हणायची, चांगला आहे, पेटतो तिसऱ्यांदा. रोज हेच. आता मी ओरडत नाही, एवढाच फरक.

आणि घर भाड्याने गेलं तर? लोक पहाटे उठतील, टिकटिक ऐकतील आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतील.

फ्रिजच आहे, असं समजू. फ्रिज बंद आहे हा वेगळा मुद्दा.

२५ मार्च, मंगळवार

लेकीने एक तारखेचं तिकीट काढलं. म्हणाली, बाबा, तुम्ही माणूस निवडत नाही आहात, कारणं निवडताय. ऑफिसात असं बोलणाऱ्याला मी प्रमोशन दिलं असतं.

नवा बेत. जो मिळेल तो थेरपिस्ट घ्यायचा. दर आठवड्याला ऑफिसातल्या कटकटी सांगून तास भरून काढायचा. घरचं अवाक्षर काढायचं नाही. लेक खूश, घर शाबूत, सकाळ शाबूत. हे आधी कसं सुचलं नाही?

२९ मार्च, शनिवार. संध्याकाळ

निवड झाली.

चौथी उमेदवार, मध्यम वयाची, मागे पडदा. नमस्कार झाला, बोला म्हणाली. मी ऑफिसच्या कटकटींपासून सुरुवात केली. ती नुसती बघत होती. टोकलं नाही, मान हलवली नाही, लिहून घेतलं नाही. असं ऐकणारं समोर आलं की माणूस वाहवत जातो. खोक्यांवरून कधी घरावर आलो कळलंच नाही. लायटर सांगितला, केटल सांगितली, फ्रिज का बंद केला ते सांगितलं. शेवटच्या दिवशी ही हॉस्पिटलमधून विचारत होती की चहा घेतलास का, आणि मी हो म्हणून खोटं बोललो, तेही सांगितलं. मोठमोठ्याने सांगितलं, घरात कुणी झोपलेलं नसल्यासारखं. रडलो. तिची पापणीसुद्धा लवली नाही. एवढं लक्ष माझ्याकडे आजवर कुणी दिलं नव्हतं.

दहापैकी दहा. कारकिर्दीत पहिल्यांदा.

लेकीला फोन केला, तिकीट रद्द कर. ती रडायला लागली. मुली फार हळव्या असतात.

३० मार्च, रविवार

साडेपाच वाजून गेले. काही वाजलं नाही. रविवार आहे, उशीर होत असेल.

साडेसात. नाही.

दुपारी अ‍ॅपचा निरोप. कालच्या सत्रात अडचण आली, सुरुवातीलाच समुपदेशकांचं कनेक्शन तुटलं, तुमच्या पडद्यावर त्यांचं चित्र गोठून राहिलं असावं, क्षमस्व. बुधवारी नवी वेळ देता येईल. त्यांनी काहीच ऐकलेलं नाही, तेव्हा कृपया पहिल्यापासून सांगावं.

म्हणजे दहापैकी दहा फोटोला दिले.

बाईंनी ऐकलं नाही. पण मी इथे, या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून बोललो होतो. हिने ऐकलं असणार. म्हणाली असेल, आता सांगायला लागला, आता आपलं काम नाही.

असलं काही मी मानत नाही.

३१ मार्च, सोमवार. सकाळ

आजही नाही.

उठलो. स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर बोटभर धूळ. एवढी धूळ होईल असं वाटलं नव्हतं, वापर रोज होतोय असंच धरून चाललो होतो. रेग्युलेटर चालू केला. लायटर धुळीतून उचलला, त्याच्याखाली त्याच्याच आकाराची स्वच्छ जागा होती.

टिक, टिक. थांबलो. टिक. पेटला.

आवाज अगदी तोच आहे. पण तो अंथरुणात पडून ऐकायचा असतो.

चहा दोन कप झाला. माप एवढंच माहीत होतं. दोन्ही मीच प्यायलो. बुधवारची वेळ घेतली.