आडव्या रेघा

प्रिय धाकल्या,

पत्र लांबलं तर अर्ध्यावर टाकून देऊ नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे.

आधी घरचं. तुझ्या वहिनीचे गुडघे धरलेत, जीभ मात्र शाबूत आहे. तुझ्या खिडकीजवळच्या खुर्चीत ती कुणाला बसू देत नाही. मी टेकलो तर म्हणते, ही उठून गेलेल्याची आहे, बसून राहिलेल्याची नाही. मी अजून रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गाड्यांचे तक्तेच काढतो. रूळ बदलणारा सांधेवाला म्हणून लागलो, कॉलेजची पायरी कधी चढलो नाही, पण पदवीवाले साहेब अडले की माझ्याच टेबलाशी येतात. हे तुला सांगायला नको, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

मी घरी तक्ते गिरवत शिकायचो, तेव्हा तू मांडीवर बसायचास. वर तास, बाजूला स्टेशनं. तिरकी रेघ म्हणजे धावती गाडी, आडवी म्हणजे थांबलेली. तू आडव्या रेघेवर बोट ठेवून विचारायचास, दादा, हिला कुणी अडवलं?

गेल्या वर्षी शत्रूच्या रेल्वेची युद्धकाळातली दप्तरं वाचनालयात खुली झाली. एकोणतीस रविवार मी तिथे काढले. इतिहासाच्या पुस्तकात तुमच्या तुकडीच्या मोहिमेला दीड ओळ आहे: पूल घेतला, नवव्या दिवशी सोडला, मोहीम फसली. लिहिणाऱ्याने गाड्या पाहिलेल्याच नाहीत. आपल्या सैन्याने वेढलेलं बंदर वाचवायला निघालेली त्यांची राखीव फौज छत्तीस गाड्यांत होती, आणि मार्ग तुमच्या पुलावरून जाणारा तो एकच. मी त्यांचा तक्ता काढला. छत्तीस तिरक्या रेघा पुलाच्या अलीकडे येतात आणि आडव्या होतात. नऊ दिवस आडव्या. दहाव्या दिवशी हलतात, पण आठव्या दिवशीच बंदर आपल्या हाती आलेलं. बंदर गेलं, त्यांची रसद तुटली, आणि तीन महिन्यांत सगळं युद्ध आटोपलं. तुम्ही एकशे चाळीस जण गेलात, एकतीस परतलात, आणि त्या गाड्या तुम्ही अडवल्या होत्या. सगळं दोनदा पडताळलंय. एका गाडीत चार मिनिटांचा फरक येतो, तो त्यांच्या कारकुनाचा आहे, माझा नाही.

पण हे कळवायला पत्र लिहिलेलं नाही. तू परत आलास त्या दुपारी, वहिनी तुझ्या ताटात वाढत असताना, मी म्हणालो होतो, पूल सोडलात म्हणजे पळूनच आलात ना. तू हात धुतलेस आणि दुसऱ्या सकाळी सात बेचाळीसच्या गाडीने गेलास. त्या गाडीची रेघ मीच ओढली होती, पट्टी जराही न हलवता. अकरा वर्षं झाली. धाकल्या, माझं चुकलं. तक्ता काढायच्या आधीही चुकलेलंच होतं. तू खरोखर हरून आला असतास तरी मी दारात यायला हवं होतं. परतीची गाडी चार दहाला येते. आपल्या स्टेशनात दोनच मिनिटं थांबते, नखाएवढी आडवी रेघ. ती रोज काढताना मला तुझी आठवण येते. येणार असलास तर आधी कळव. आयुष्यात एकही गाडी मी विनाकारण थांबवलेली नाही, पण तू उतरेपर्यंत ही थांबवीन.

तुझाच,
तक्तेवाला दादा