कार्ड किती वॅटचं?

ता. ३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी घरातल्या तब्येती सांग, मग तुझं ते कार्ड. तुझ्या बाबांचा गुडघा काय म्हणतो? दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून भिंगं घासायची आणि वर तीन जिने चढायचे, मग गुडघा बोलणारच. तुझ्या आईचा बसलेला घसा उठला का? शाळेत चाळीस पोरांवर ओरडावं लागतं बिचारीला. तिला म्हणावं, घरी तरी कमी बोल, माझा धाकटा भाऊ आयुष्यभर उपकार मानेल. आणि तू? वेळेवर जेवतेस, की खेळता खेळता घास हातातच वाळतो? माझं विचारशील तर डावा कान पार बंद आणि उजवा मन मानेल तेव्हा कामावर येतो. तीस वर्षं दुकानात पंपांच्या मोटारी दुरुस्त करताना त्यांची घरघर ऐकली, आता कानांनी संप केलाय. म्हणून फोन नको. मोबाइलवर लिहायला जावं तर माझं एक बोट तीन अक्षरांवर बसतं. आपलं पत्रच बरं.

तुझ्या चार पानांतून मला कळलं ते असं. तुम्ही चौघी मैत्रिणी मिळून जो कॉम्प्युटरवरचा खेळ खेळता, त्याच्या विभागीय संघाची निवड चोवीस तारखेला आहे. प्रत्येकीने स्वतःचा लॅपटॉप आणायचा. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर तो खेळ मुंगीच्या पावलाने चालतो, आणि चांगला मिळाला नाही तर तुझी जागा पाचव्या मुलीला जाणार. धाकटा म्हणतो, नुसतं मैत्रिणी सांगतात म्हणून घेणार नाही, आक्काला विचार, ती म्हणेल ते आणतो. म्हणजे चेंडू माझ्या अंगणात.

तर ऐक. हे ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रं हलवणारी मोटर, एवढं मला उमगलं. मग घाई कशाला? आता कार्डाशिवायचा साधा लॅपटॉप घ्या. नंतर सवडीने बाजार बघून कार्ड बसवून टाकू. मोटारीची कॉइल बदलत नाही का आपण? माझ्या दुकानाचा एकच नियम आहे: बसवलंय ते निघतंच. मी कुठे शाळेत शिकले? जळलेल्या मोटारी उघडून उघडूनच शिकले ना? तुझ्या लॅपटॉपाचंही झाकण मी उघडीन.

काळजी करू नकोस. तू संघात येणार, हे मी गिऱ्हाइकांना सांगूनही बसलेय. लोभाची वायर दोन्हीकडून घट्ट राहू दे.

तुझी,
आत्या

ता. ७ ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांचा गुडघा आता फक्त जिन्यावर बोलतो. आईचा घसा उठला आणि त्याबरोबर आईही उठून उभी राहिली आहे, सगळ्यांना कामाला लावते. मी जेवते. शप्पथ.

पण आत्या, घोटाळा झाला आहे. लॅपटॉपमधलं कार्ड निघत नाही! ते मुळात पत्त्यासारखं वेगळं कार्ड नसतंच. एक चिप असते आणि ती आतल्या सर्किटच्या पाटीवर सोल्डर करून कायमची झाळलेली असते. टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये बदलता येतं, लॅपटॉपमध्ये नाही. कार्डाशिवायचा घेतला तर तो मरेपर्यंत कार्डाशिवायच राहणार. तुमचा नियम इथे पहिल्यांदा आपटला.

मी हसले असते, पण तुमचं पत्र माझ्या आधी बाबांनी वाचलं. ते खूश! सतरा तारखेला शनिवारी साधा लॅपटॉप आणायचा, असं ठरवूनही टाकलं. मी समजावलं, वेबसाइट दाखवली, दादागिरी केली, रडून पाहिलं. त्यांचं एकच पालुपद, आक्काचं कधी चुकत नाही, तुला मोठं कार्ड हवंय म्हणून तू काहीतरी सांगतेस. आई म्हणाली, बहीणभावांच्या मध्ये मी पडत नाही, एकदा पडले होते.

आता फक्त तुमचंच ऐकतील. आणि तुम्ही "माझं चुकलं" असं कधी लिहिलं आहे का, हे मला माहीत नाही. म्हणून भीत भीत लिहिते आहे.

दुसरी एक अडचण आहे. मी दोन लॅपटॉप निवडले आहेत. दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी, दोन्ही कार्डं सुरुवातीच्याच वर्गातली, दोघांनाही सहा जीबीची स्वतःची मेमरी. एक बारीक, देखणा, आणि त्यातल्या कार्डाचा नंबर मोठा. दुसरा जाडा, चार्जर विटेएवढा, आणि कार्डाचा नंबर एक पायरी खाली. मैत्रिणी म्हणतात, मोठा नंबर घे. पण मी बघितलं तर एकाच नंबरचं कार्ड एका लॅपटॉपमध्ये पळतं आणि दुसऱ्यात रांगतं. असं का, ते समजत नाही. अगदी तळाला बारीक अक्षरात बारक्यापुढे पंचेचाळीस वॅट आणि जाड्यापुढे पंच्याण्णव वॅट असं लिहिलं आहे. त्याचा काही संबंध असेल का?

माझ्यावरचा लोभ या पत्रामुळे कमी होऊ नये, ही खरोखरची विनंती.

तुमची,
भिंगरी

ता. ११ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बसून वाच. गुडघ्यासाठी नव्हे, पुढच्या ओळीसाठी. माझं चुकलं.

पोरगी खरं बोलते आहे. तिचं पत्र आलं तेव्हा मला आधी रागच आला. म्हटलं, ही कालची पोर मला शिकवणार? रागातच शेजारच्या गाळ्यात गेले. तिथे मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करणारी बाई बसते. तिला म्हटलं, एखादा मेलेला लॅपटॉप उघडून दाखव. तिने भिंगाखाली पाटी धरली. अरे, ती चिप नखापेक्षा थोडी मोठी, आणि तिच्या पोटाखाली मोहरीहून बारीक शेकडो डाग, सगळे झाळलेले. माझं सोल्डरिंग आयर्न तिथे म्हणजे शिवणकामाला पहार. मी विचारलं, निघतं का? ती म्हणाली, निघेल, पण परत बसणार नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी गत झाली माझी.

तू म्हणतोस आक्काचं कधी चुकत नाही. या वाक्यावर मी तीस वर्षं फुगत आले आहे. पण त्यापायी पोरीची जागा गेली तर त्या फुगण्याला काय चाटायचंय? साधा लॅपटॉप आणू नकोस.

आणि गंमत ऐक. माझी चूक दाखवली त्याच पत्रात पोरीने एक असं विचारलं, की मी खुर्चीवरून उठले. ती म्हणते, तळाला वॅट लिहिलेत, त्याचा संबंध असेल का. असेल का? तोच तर सगळा संबंध! दोन एचपीचं नाव मिरवणाऱ्या मोटारीला वीजच अर्धी दिली, तर एक एचपीची पोटभर जेवलेली मोटर तिला मागे टाकते. बारक्या लॅपटॉपमध्ये हवा खेळायला जागा नाही, म्हणून कार्ड तापू नये यासाठी त्याला उपाशी ठेवतात. नाव मोठं लक्षण खोटं. कुणी न शिकवता ही पोर नेमप्लेट सोडून बारीक अक्षरांत शिरली. ती खोड आपल्या घरातली आहे, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटला की चुकीचं दुःख निम्मं झालं.

तरी मी सांगते म्हणून जाडा घेऊ नकोस. एकदा माझं ऐकून फसत होतास. सतराला तिला दुकानात घेऊन जा. दोन्हींवर तोच खेळ, चित्रांची बारकाई सारखीच ठेवून, अर्धा तास चालवायला लाव. पहिल्या पाच मिनिटांवर जाऊ नका, सुरू होताना सगळ्याच मोटारी गोड गातात. तापल्यावर बघा. कसं वाटतं ते तुझ्या डोळ्यांनी बघ, डोळ्यांचा धंदा तुझा आहे. आणि निर्णय पोरीला घेऊ दे.

भिंगरीच्या आईला सांग, या वेळी मध्ये पडली तरी चालेल. लोभ आहेच, त्याला आता चूक पोटात घालायचीही सवय कर.

तुझी,
आक्का

ता. २७ ऑक्टोबर

ती. स्व. आक्कास,
सा. न. वि. वि.

मी शेवटचं पत्र कधी लिहिलं ते तुलाच आठवत असेल, त्यामुळे अक्षराला हसू नकोस. तुझा उजवा कान कामावर येतो का? तुला बेअरिंगं पुरवणाऱ्याने तुझा खांदा दुखतो म्हणून दिलेला पट्टा वापरतेस, की खिळ्याला टांगलास? इकडची मंडळी ठीक आहेत. माझा गुडघा सतराच्या शनिवारी लॅपटॉपच्या दुकानात अडीच तास उभा राहिला आणि एका शब्दाने बोलला नाही.

दुकानदाराने आधी बारका लॅपटॉप पुढे केला. मोठा नंबर, मोठा नंबर, असा जप. भिंगरीने विचारलं, कार्ड किती वॅटचं? तो म्हणाला, ताई, गेमला वॅट कोण बघतं, बल्ब घ्यायचाय का? ती म्हणाली, बल्ब असता तर वॅट तुम्हीच आधी सांगितले असते. आक्का, मला तुझाच आवाज ऐकू आला. दुकानदार हसला, पण आत जाऊन कागद घेऊन आला.

मग दोन्ही शेजारी लावले. बारका सुरुवातीला सुसाट, सेकंदाला ऐंशी चित्रं. जाड्याची सत्तर. सोबत आलेल्या तिच्या मैत्रिणी माझ्याकडे बघायला लागल्या. मीही मनात म्हटलं, झालं, आक्का दुसऱ्यांदा चुकली. पोरगी मात्र शांत. सतराव्या मिनिटाला बारक्याचं चित्र अडखळायला लागलं. आकडा बघण्याआधी मला ते दिसलं. भिंग केसभर तिरपं बसलं की अक्षर जसं थरथरतं, तसं. आकडा बघितला तर अठ्ठेचाळीस. हात ठेवला तर चटका. जाडा आपला अडुसष्ट, सत्तर, पंखा घोंघावतोय पण हलायला तयार नाही. अर्ध्या तासानंतर तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला नको विचारूस, तू ठरव. तिने जाडा उचलला. चार्जर मी उचलला, खरंच विटेएवढा आहे.

आता चोवीस तारीख. पालकांना मागच्या रांगेत बसवलं होतं. खेळातलं मला अजून काही कळत नाही. कोण कोणाला का मारतंय हे विचारल्यावर शेजारच्या बाईंनी खुर्ची बदलली. पण शेवटच्या डावात समोरच्या संघातल्या एकीचा लॅपटॉप तापून अडखळायला लागला, आणि आपली पोर शेवटपर्यंत पापणी न मिटता खेळली. त्याबद्दल मी तिला नंतर रागावलो, डोळे कोरडे पडतात. चौघींची निवड झाली, आक्का! आपल्या पोरीचं नाव यादीत दुसरं आहे. तिची आई इतकी ओरडली की घसा परत बसलाय.

दुकानात घेतलेले सगळे आकडे तिने मिनिटागणिक एका कागदावर लिहिले होते, बारीक, स्वच्छ अक्षरात. जवळचा नंबर तपासायला मी गिऱ्हाइकांना छापील तक्ता वाचायला देतो. गेले तीन दिवस तिचा कागद देतोय. काल एक म्हातारे गृहस्थ "तापल्यावर अठ्ठेचाळीस" पर्यंत वाचत आले आणि म्हणाले, नंबर बरोबर आहे, पण हे कुणी लिहिलंय? मी सांगितलं. जरा जास्तच वेळ सांगितलं बहुतेक, कारण मागे रांग लागली.

निवडीनंतर तिथल्या प्रशिक्षकांनी विचारलं, यंत्र कुणाच्या सल्ल्याने घेतलंत? मी म्हणालो, आमच्या घरात दोन कारागीर आहेत, एक साठीची, एक सतराची, आणि मी चार्जर उचलतो.

लोभ आजवर होता तसाच, पूर्ण वॅटने, असू दे. पुढच्या महिन्यात संघाचा पहिला सामना आहे आणि पोरगी म्हणते, आत्या येणार असेल तरच पहिल्या रांगेतली खुर्ची मागते. येतेस ना? तिला उद्या-परवा नाव द्यायचंय, तेव्हा हे वाचून होताच उत्तर टाक.

तुझा,
धाकटा