प्रयत्नांचा रकाना

मिठबाव,
मंगळवार, १८ मार्च २०२५

प्रिय अक्का,

पाया पडते. गुडघे कसे आहेत? दाजीकाकांच्या घराला पायऱ्या फार आहेत. तू कुणाचं न ऐकता दिवसातून दहादा चढउतार करत असशील, हे मला इथे बसून दिसतं.

इथे सगळं ठीक आहे. शिमग्यामुळे गेल्या गुरुवारपासून निम्मी मुलं शाळेत नाहीत. बागांमधून आंबा उतरायला लागलाय. गंगाराम गुरुजी दर सोमवारी विचारतात, "बाई, तुमची आत्या बरी आसा मां? कधी येतली?" मी म्हणते, येईल.

तीन महिने आपण फोनवर गुडघे आणि हवा एवढंच बोलतो आहोत. जे फोनवर बोलायला जमत नाही, ते लिहून पाहते. दोन कागद फाडून झाले. हा तिसरा.

येत्या शनिवारी शिक्षण परिषद आहे. केंद्रातल्या तेरा शाळांचे शिक्षक दर महिन्याला जमतात ती. ह्या वेळी मला अर्धा तास दिलाय. तिसरीला संगणकावर गणित कसं शिकवलं, ते सांगायचं. मी पाठवलेला तक्ता केंद्रप्रमुखांना फार आवडला. जूनपासून सगळ्या शाळांत गणिताचे तास असेच घ्यायचे, असं त्यांनी जवळजवळ ठरवलंय. तक्त्याप्रमाणे माझ्या वर्गातल्या चौदापैकी चौदा मुलांना हातच्याची वजाबाकी येते.

येत नाही, अक्का.

मला कळलं ते तन्वीमुळे. दोन वेण्यांची, तुझ्या शेजारी बसायला भांडायची ती. मागच्या बुधवारी वीज गेली. सहाही संगणक बंद. मी फळ्यावर बावन्न वजा सतरा लिहिलं आणि वहीत करायला सांगितलं. तन्वीचं उत्तर सदतीस. मी लाल पेन उघडलं, पण पुढची दोन गणितंही तशीच, दोनदोननी जास्त. चूक इतकी शिस्तीत कशी होईल? तू मला घरी शिकवायचीस तेव्हा चुकलेलं गणित पुसू द्यायची नाहीस. "कसा केलंस ता सांग माका," म्हणायचीस, आणि मला ती शिक्षा वाटायची. पायाच्या प्लास्टरांमुळे तिसरीपर्यंत माझी शाळा म्हणजे तूच. तरी बाई होऊन पावणेतीन वर्षं झाली आणि हा प्रश्न मी एकाही मुलाला विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला.

तन्वी म्हणाली, "बाई, दोनातसून सात जातले कशे? म्हणान एक खोको फोडलंय."

"मग?"

"खोक्यात बारा. बारा नि दोन चवदा. चवदातसून सात गेले, ऱ्हवले सात."

"खोक्यात बारा कशावरून?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की बाईंना एवढंही कसं माहीत नाही. "डझनाचो खोको, बाई! बाबा भरतत तो."

पडद्यावर दहा काड्यांचा गठ्ठा असतो. हातचा घेतला की तो छान आवाज करून आपोआप सुटतो आणि काड्या पसरतात. कुणी मोजत नाही. तन्वीच्या घरी हंगामात रात्रंदिवस डझनाचे खोके भरले जातात. तिने गठ्ठा पाहिला आणि तिला तो खोका वाटला. मी घरी येऊन ताळा करून पाहिला. पाच डझन दोनातून एक डझन सात गेले की तीन डझन सातच राहतात. तिच्या हिशेबात तिचं एकही गणित चुकलेलं नाही.

मग संगणकावर तिची सगळी उत्तरं बरोबर कशी, हे मी प्रीतमला विचारलं. तो तिच्याच बाकावर बसतो. "चार बटनां आसत, बाई," तो समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "हिरवा येयसर दाबूचा. चारांत एक तरी बरोबर असतलाच मां!" सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि मग बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

त्या दिवशी कागदावर चौदापैकी सहाजणांचं बरोबर आलं.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. चहा केला, तो प्यायले नाही. कारण आतापर्यंतचं वाचलं तर वाटेल की संगणकाने मला फसवलं. तसं नाही. संगणक सगळं लिहून ठेवतो. प्रत्येक गणिताला किती वेळा बटण दाबलं, ह्याचा वेगळा रकाना असतो. "प्रयत्न." तन्वीपुढे त्यात चार, तीन, चार, चार असे आकडे होते. डिसेंबरात तक्ता तयार करताना मला ते दिसले होते. मी तो रकाना काढून टाकला. पानावर मावत नाही, असं स्वतःला सांगितलं. पान आडवं केलं असतं तर मावला असता.

शिक्षणसेवक म्हणून माझी तीन वर्षं जूनमध्ये पूर्ण होतात, मग कायम करायचं की नाही ते ठरतं. काहीतरी चांगलं दिसायला हवं होतं. हे कारण आहे, सबब म्हणून लिहीत नाही. निदान तसा प्रयत्न करतेय.

आणि त्याच डिसेंबरातली दुसरी गोष्ट. केंद्रप्रमुख संगणक बघायला आले तेव्हा तू व्हरांड्यात तीन मुलांना घेऊन काजूबियांचे दहा-दहाचे ढीग करून घेत होतीस. त्यांनी विचारलं, "ह्या कोण?" मी म्हटलं, "गावातल्याच आहेत. घरी वेळ जात नाही म्हणून येऊन बसतात."

माझी आत्या आहे म्हटलं नाही. मला ह्यांनीच शिकवलं म्हटलं नाही. तू चार पावलांवर होतीस. तुझा हात ढिगावर थांबला की नाही, हे पाहण्याची हिंमत मला झाली नाही. त्याच संध्याकाळी तू पिशवी भरलीस. "शिरोड्याक जाऊन येतंय, दाजीक बघूक." मी एसटीपर्यंत सोडायला आले, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. तू ऐकलं होतंस का, हे मी तीन महिने विचारलेलं नाही. आताही विचारत नाही. तू ऐकलं नसलंस तरी मी ते बोलले आहे.

पहिल्या दिवशी संगणक बघून तू म्हणाली होतीस, "ह्यो तुझो मास्तर कंटाळणा नाय, ता बरा. पण ह्येका पोरांची तोंडा दिसतत काय गो?" मला राग आला होता. अजूनही मला संगणक नकोत असं वाटत नाही. आपला शिवा, जो वर्गात तोंड उघडत नाही, तो पडद्यासमोर पाढे शिकला, कारण तिथे चुकलं तर कुणी हसत नाही. पण तो शिकला हे मला कळलं, कारण त्याने नंतर माझ्या कानात पाढा म्हणून दाखवला. काय ठेवायचं, किती ठेवायचं, हे मला अजून नीट ठरवता येत नाही. सध्या संगणकावर गणित झालं की प्रत्येकाने ते कसं केलं ते मला सांगायचं, असं चालू केलंय. तासात जेमतेम पाच मुलं होतात. अभ्यासक्रम मागे पडतोय. रोज वाटतं, हेही चुकत असेल.

काल गंगाराम गुरुजींना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, एक रकानो. एका रकान्यान काय होता?" मग म्हणाले, "तेरा शाळांचे मास्तर बसतले समोर. माझ्या निवृत्तीक दोन महिने आसत. तक्त्यार माझी पण सही आसा, मुख्याध्यापक म्हणान." माझ्या खोटेपणावर त्यांनी विश्वासाने सही केली, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. जाताना दारात थांबून म्हणाले, "मी अडवूचंय नाय. पण तुमी बरा करतास, असा म्हणाक माका सांगू नकात."

तर शनिवारी मी दोन्ही तक्ते लावणार आहे. रकान्यासकट पहिला, आणि कागदावरच्या सहांचा दुसरा. सही गुरुजींची असली तरी रकाना मी काढला, हे आधी सांगणार. आणि व्हरांड्यात बसल्या होत्या त्या कोण, हेही सांगणार, केंद्रप्रमुखांनी विचारलं नाही तरी. जूनमध्ये माझं काय होईल ते होवो, असं लिहायला सोपं आहे. मला झोप लागत नाही.

हे पत्र आजच टाकते. मनात ठेवलं तर शुक्रवारपर्यंत मी काहीतरी कारण शोधीन, मला मी माहीत आहे.

तू परत ये, असं लिहिण्याचा हक्क मला सध्या नाही. एवढंच मागते, की शनिवारच्या आत मला उत्तर पाठवू नकोस, फोनही करू नकोस. तू रागावलीस तर तुझ्या धाकाने मी ते केलं असं होईल. माफ केलंस, तर मग मी ते करणारच नाही.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
शर्मिष्ठा