मिरसांग घरातच राहील

पार्से, पेडणे
२२ जून २०२५

चि. श्रीनाथ यास,

अनेक आशीर्वाद. सौ. संजनेला आणि साईशला माझे व आईचे आशीर्वाद सांग. इकडे आम्ही तिघी बऱ्या आहोत. आईचे गुडघे दुखतात, पण ती ते मान्य करत नाही, म्हणजे तब्येत ठीकच म्हणायची.

हातात फोन असताना ताई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर तू माझं अर्धं ऐकतोस आणि मग "आईकडे दे" म्हणतोस. पत्र लिहिलं की निदान माझं बोलणं पुरं होतं. तू वाचताना कंटाळलास तर संजना वाचेल.

घर आता तुला ओळखू येणार नाही. कापसाच्या गाद्या मी गोठ्याच्या माळ्यावर टाकल्या. जनेलांचे पडदे काढले. भिंतींवर बुरशी धरली होती ती खरवडून चुना मारला. चादरी दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढते. आई म्हणते, "घर न्हय हें, इस्पितळ केलंय." पण मापशाच्या डॉक्टरीणबाईंनी ताराच्या दंडावर टोचून तपासणी केली, त्यात गादीतले बारीक किडे आणि बुरशी हे दोन मोठे शत्रू निघाले. सुर्ल्याला सासरच्या घरासमोरून खनिजाचे ट्रक जायचे, ती लाल धूळ तिसरी. इथे आल्यापासून पोरीचा श्वास कितीतरी मोकळा झालाय. परवा ती ओहोळापर्यंत धावत गेली आणि धावतच परत आली. मी दारात उभी राहून नुसती बघत होते.

आता कामाचं. ताराला कुत्रा हवाय. हसू नकोस. तुमच्या बिल्डिंगमध्ये अर्ध्या लोकांकडे कुत्रे आहेत, म्हणून तुला विचारते. अ‍ॅलर्जीच्या घरात चालेल, पोरांशी मायेनं वागेल आणि आईच्या पायात घुटमळून तिला पाडणार नाही, अशी जात कुठली? इथल्या पंचांकडे लॅब्राडोर आहे. स्वभावानं गाय, पण त्याच्या केसांनी एक उशी भरेल. वरच्या वाड्यावरचा पामेरियन दिवसभर कुणीतरी मेल्यासारखा रडतो. जर्मन शेफर्डचं नाव काढलं तर आई म्हणाली, तो मला ओळखायला लागेपर्यंत मी जाईन. डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलेलं नाही. कुत्र्याची अ‍ॅलर्जी थोडी आहे, पण आधी तपासा, ताराला त्याच कुत्र्याजवळ रोज थोडा वेळ बसवून बघा, दम्याचा पंप हाताशी ठेवा आणि मग ठरवा, असं त्या म्हणाल्या.

आईची एकच अट आहे. "हाडटलें जाल्यार दादलें सुणें हाड. बायल सुणें दारात नाका. गावचे सगळे सुणे आमगेर येतले." त्यामुळे नरच, मादी आली की गावचे कुत्रे दारात जमतील ही तिची भीती.

तू विचारशीलच, सुर्ल्याला सासरी परत कधी जाणार. पावसात खाणी बंद, तुषारचे टिप्पर अंगणात उभे, तोही घरातच असतो. बघू. तारा सध्या इथल्या शाळेत जाते, घरी बसून कंटाळण्यापेक्षा बरं.

जातीचं तेवढं कळव.

तुझी ताई,
सुविधा


पार्से
१४ ऑगस्ट २०२५

चि. श्रीनाथ यास,

आशीर्वाद. सगळे बरे असाल.

जुलैत त्या रविवारी तुझ्याकडून न जेवता निघून आले, त्यानंतर तुझे फोन घेतले नाहीत. संजनेनं ताटं वाढली होती. तिला माझ्याकडून सांग की राग तिच्यावर नव्हता. तुझ्यावर होता आणि अजून आहे. तरीही हे पत्र शेवटपर्यंत वाच.

तू लिहिलंस, एक कुरळ्या केसांचा पूडल बघून ठेवलाय, त्याचे केस गळत नाहीत, परदेशात अ‍ॅलर्जीवाले हीच जात घेतात, ताराला घेऊन ये. मी विश्वासानं आले. वास्कोजवळ चिखलीला तुझ्या मित्राच्या फ्लॅटवर गेलो, तर सोफ्यावर तुषार बसलेला. हातात पेढ्यांचा पुडा, आणि पूडलचा पट्टा त्याच्याच हातात. म्हणजे कुत्रा आधीच विकत घेऊन झाला होता. "तारा, हा तुझाच. गणेश चवथीआधी सुर्ल्याला चल, गाडीतून तिघं जाऊया." आणि तू माझ्याकडे बघून असा हसलास, जणू फार मोठं काम केलंस.

एका कुत्र्यासाठी मी आणि माझी पोरगी परत जाऊ, असा तुमचा दोघांचा हिशेब होता. माझी एवढी किंमत तू करशील असं मला वाटलं नव्हतं.

कुत्रा गोड होता, त्याचा काही दोष नाही. तारानं त्याला मांडीवर घेतलं. चहा येईपर्यंत तिचे डोळे सुजले, नंतर खोकला सुरू झाला. तू म्हणालास, "या जातीनं होणं शक्यच नाही, काहीतरी खाल्लं असेल." तारानं फ्रॉकच्या खिशातून पंप काढला. आणि तेव्हा तुषार काय म्हणाला ते तुला आठवतं का? दारात तुझ्या मित्राची बायको उभी होती. तिच्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "आत जाऊन घे, बाळा."

आवाज गोड होता म्हणून तुला त्यात काही वाटलं नाही. मी उठले ती त्या वाक्यानं, आणि तुझ्या घरी वाढलेल्या ताटांवरही बसले नाही.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. फेब्रुवारीत डिचोलीला तुषारच्या चुलतभावाचं लग्न होतं. हॉलमध्ये जाण्याआधी सासूबाईंनी माझ्या पर्समधून ताराचा पंप काढून गाडीत ठेवला. मला न विचारता. म्हणे, चार माणसांत पोरगी पिचकारी ओढताना दिसली की बोभाटा होतो, उद्या तिला स्थळ येणार नाही. नऊ वर्षांच्या पोरीचं स्थळ! होमाचा धूर, अत्तरं, फुलं, गर्दी. ताराला धाप लागली. मी पर्स उपसत राहिले. तुषारला विचारलं तर तो म्हणाला, "जरा दम धर, अक्षता होऊ देत." त्याला माहीत होतं पंप कुठे आहे, श्रीनाथ. अक्षता होईपर्यंत माझ्या पोरीचे ओठ निळे झाले. अनोळखी माणसाच्या गाडीतून आम्ही हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी तिला ऑक्सिजन लावला आणि मला विचारलं, आणायला एवढा उशीर का केला. बाहेर तुषार फोनवर पाहुण्यांना सांगत होता, काही नाही, पोट बिघडलंय.

तिथून आल्यावर मी सुर्ल्यात महिनाभर राहिले, कारण ताराची परीक्षा होती. ती संपली आणि मी बॅगा भरल्या. तुला सांगितलं नाही, कारण तू त्याच संध्याकाळी गाडी काढून समेट करायला धावला असतास. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तुला भांडण सहन होत नाही आणि कुणीतरी नमलं की तुझा जीव भांड्यात पडतो. दरवेळी नमायला मी असते.

आता कुत्र्याचं ऐक.

नारळ पाडायला येणारा आपला गोपाळ, त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. नर सगळे गेले, एक मादी उरली. "बायल सुणें कोण व्हरना गो बाय," म्हणाला. लाल रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला. आम्ही इथे आल्यापासून तारा रोज संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसायची. मला वाटायचं मैत्रिणीकडे जाते. चिखलीहून आल्यावर रडत रडत कबूल केलं तिनं. महिनोन्‌महिने ती त्या कुत्रीच्या गळ्यात हात टाकून बसत होती आणि तिला साधी शिंक आली नव्हती.

मी तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, केस गळण्या-न गळण्यावर काही नसतं. त्रास होतो तो थुंकीतून आणि कातडीच्या कोंड्यातून. पूडल असो की गावठी, ते सगळ्यांनाच असतं, आणि अजिबात त्रास न देणारी जात म्हणून कुठलीच नाही. मग त्यांनी रक्ताची आणखी एक तपासणी मुंबईला पाठवली. काल निकाल आला. काही जणांना फक्त एकाच गोष्टीची अ‍ॅलर्जी असते, आणि ती नर कुत्र्याच्या अंगातच तयार होते, लघवीच्या जागेजवळच्या ग्रंथीत. तारा त्यातलीच निघाली. खात्री त्यांनी दिलेली नाही, काळजी घ्यायला सांगितली आहे. पण मादी पाळून बघायला त्यांची हरकत नाही.

म्हणजे बघ, घरात मादी नको, म्हणून आम्ही ज्याच्या मागे लागलो होतो नेमकं तेच पोरीला बाधणारं होतं. वास्कोपर्यंत जाऊन, इतके फोटो चाळून तुम्ही नर शोधलात, आणि जी चालणार होती ती गोपाळच्या अंगणात कुणाला नको म्हणून पडली होती. मी काल रात्री हसत सुटले. आई विचारत होती, काय झालं म्हणून.

कुत्री आज घरी आणली. गुरांच्या डॉक्टरांकडून तिचं ऑपरेशन आणि लस दोन्ही करून घेतलं होतं, त्यामुळे गावचे सुणे येण्याची आईची भीतीही मिटली. तारानं नाव ठेवलं मिरसांग, सुक्या मिरचीसारख्या लाल रंगावरून. झोपायच्या खोलीत आणि देवखोलीत तिला प्रवेश नाही. आठवड्याला अंघोळ, ती मी घालणार. ताराला त्रास झाला तर तिला सोप्यावरच ठेवू आणि पुन्हा डॉक्टरांना विचारू. पण हाकलणार नाही.

तुझा शेवटचा मेसेज होता, कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं ताई, नीट विचार कर, सुर्ल्याला ते कसं नेणार. मी नीट विचार केला. सुर्ल्याला नेणारच नाही. ताराचा दाखला मी मेमध्येच काढला. इथल्या शाळेत तिचं नाव कायमचं घातलं आहे. माझं शिवणकाम सुरू झालंय, पेडण्याच्या दोन दुकानांचे गणवेश शिवते. सुखात आहे असं लिहिणार नाही. रात्री भीती वाटते. तुषार आठवतो, वाईट माणूस नव्हता तो, हेही आठवतं. पण निळे ओठ बघून जो अक्षता संपायची वाट बघतो, त्याच्या घरात मी माझी पोरगी ठेवणार नाही. मला या जन्मात पुष्कळ गोष्टी नको म्हणून सांगितल्या गेल्या, आणि ताराला तर जन्मल्यापासून. धावू नको, भिजू नको, कुणाला सांगू नको. एकदा तरी कुणीतरी तिला हो म्हणायला हवं होतं.

सासूबाईंचा आईला फोन आला होता. पंपाची सवय वाईट, पोरीचं लग्न कसं होणार, म्हणून. तुझी आई, जिला तू गरीब गाय समजतोस, ती म्हणाली, "लग्न मागीर जातलें. पयलीं पोर जिती उरूं दी." आणि फोन ठेवला. मग स्वतःच उठून मिरसांगला ताटातला उरलेला पाव घातला.

तुषारशी तू बोलू नकोस. मी बोलले आहे. त्याला म्हटलं, "माझ्या मुलीला दमा आहे, हे ज्या दिवशी तू तुझ्या घराच्या पायरीवर उभा राहून गावाला ऐकू जाईल असं सांगशील, त्या दिवशी मी तुझ्याशी बोलेन. त्याआधी नाही." तो म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, तेच ऐकायचं होतं.

चवथीला तुम्ही दरवर्षीसारखे येणार ना? यंदा धूप-उदबत्ती अंगणात, फटाके अजिबात नाहीत. आरतीला सगळा वाडा येईल. तरी धूर झालाच तर तारा देवासमोर, सगळ्यांच्या देखत, पंप घेईल. मीच तिला तसं सांगितलंय. लोक बघतील. त्या वेळी मी तिच्या एका बाजूला उभी असेन. दुसरी बाजू मामाची आहे. ती तुला लाजिरवाणी वाटत असेल तर येऊ नकोस, तिथे आई उभी राहील.

तुझी थोरली बहीण,
सुविधा
मुक्काम पोस्ट पार्से. यापुढे हाच पत्ता.