आज सकाळपासून

तैनान

पो-यान बाळा,

तू बोटीवर, आणि हे पाठवायची माझी हिंमत नाही. तुझी तान्ही निंग-निंग लंगोट बदलताना किंचाळायची. मला वाटलं, घाबरून पोरीचा जीव अंगातून निसटून कुठेतरी राहिलाय. तिचं झबलं घेऊन देवळात गेले, तिथल्या मंत्र म्हणणाऱ्या बाईकडून तो परत बोलावून घेतला.

"आई, ती डावा पाय हलवतच नाही," तुझी बायको म्हणाली.

"चार पोरं वाढवलीत मी. मला शिकवू नकोस!"

चौथ्या दिवशी ताप चढला, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाय कधीपासून हलवत नाही?"

तुझ्या बायकोआधी मीच बोलले, "आज सकाळपासून."

खुब्याच्या सांध्यातून सुईने पू निघाला. "हा एका दिवसाचा नाही," डॉक्टर म्हणाले.

आत ऑपरेशन चाललंय. तुझ्या बायकोने माझ्या हातातलं झबलं काढून घेतलं.

दाराबाहेर बसलेली,
तुझी आई